भंडाऱ्याची पोटनिवडणूक आणि कायदेपंडित आंबेडकर

बिरसी हे गाव आज गोंदियाच्या विमानतळामुळे ओळखले जाते. १ मे १९९९ रोजी गोंदिया जिल्हा अस्तित्वात येईपर्यंत हा परिसर भंडारा जिल्ह्यात होता; १९५४ मध्ये हा जिल्हा तत्कालीन मध्य प्रदेशात मोडत असे. त्या वर्षी डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी भंडाऱ्यातून लोकसभेची पोटनिवडणूक लढविली. तिची पार्श्वभूमी समजून घेतल्यास त्यांच्यातील वकील आणि विधिमंडळपटू या दोघांचीही ओळख पटते.

लंडनच्या ग्रेज इनमधून बॅरिस्टर होऊन आलेल्या आंबेडकरांनी १९२३ मध्ये मुंबईत वकिली सुरू केली. १९२७ पासून ते मुंबई विधिमंडळात नियुक्त सदस्य होते. १९२८ मध्ये त्यांनी महार वतनाविषयीचे, तर १९३७ मध्ये खोती पद्धत रद्द करण्याचे विधेयक मांडले. दोन्हींचा तेव्हा कायदा झाला नाही. पण कायद्याच्या मार्गावरील त्यांचा विश्वास ढळला नाही. पुढे ते घटना मसुदा समितीचे अध्यक्ष आणि देशाचे पहिले कायदेमंत्री झाले. निवडणुकांचे नियमन करणारा १९५१ चा लोकप्रतिनिधित्व कायदा संसदेत त्यांनीच मांडून मार्गी लावला.

याच कायद्याने भंडाऱ्याची जागा रिकामी केली. १९५२ मध्ये तेथून निवडून आलेले काँग्रेसचे चतुर्भुज जसानी विड्यांचे उत्पादन करणाऱ्या ज्या पेढीचे भागीदार होते, तिचा सैनिकांसाठी विड्या पुरविण्याचा सरकारशी करार होता. सरकारला माल पुरविणाऱ्यास कायद्याने अपात्र ठरविले होते. शिवाय, महानुभाव पंथ स्वीकारल्यामुळे महार राहिला नाही, असे म्हणून एका उमेदवाराचा राखीव जागेसाठीचा अर्ज फेटाळण्यात आला होता. तोही निर्णय चुकीचा ठरला. नागपूरचे न्यायमूर्ती व्हिव्हियन बोस यांनी फेब्रुवारी १९५४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाचा हा निकाल लिहिला.

त्या काळी भंडारा द्विसदस्य मतदारसंघ होता. एक जागा सर्वसाधारण, दुसरी राखीव. प्रत्येक मतदाराला दोन मते. दुसरे मत प्रतिस्पर्ध्याच्या पारड्यात पडू नये म्हणून ते वापरूच नये, असे आवाहन करण्याचा आग्रह कार्यकर्त्यांनी धरला. मात्र राज्यघटनेच्या शिल्पकाराने मत वाया घालवण्यास सांगणे योग्य नाही, असे म्हणून आंबेडकरांनी तो नाकारल्याचे सांगितले जाते. राखीव जागेवर काँग्रेसचे भाऊराव बोरकर विजयी झाले, तर सर्वसाधारण जागा प्रजा समाजवादी पक्षाचे अशोक मेहता यांनी जिंकली. १९५२ मध्ये मुंबईतही आंबेडकरांचा पराभव झाला होता. त्याच वर्षापासून ते राज्यसभेचे सदस्य होते आणि ६ डिसेंबर १९५६ रोजी निधन होईपर्यंत राहिले.

द्विसदस्य मतदारसंघ १९६१ च्या कायद्याने संपुष्टात आले. लोकप्रतिनिधित्व कायदा मात्र आजही लागू आहे. ज्याने तो संसदेत मांडला, त्यालाही लोकसभेची वाट त्याच कायद्यातून काढावी लागली आणि तेथे त्याच्यासाठी वेगळी सवलत नव्हती. बिरसीच्या मतदाराचे मत आणि घटनाकाराचे मत मोजताना सारखेच असते, हे भंडाऱ्याच्या निकालाने दाखवून दिले.