समजून घ्या : पगार देणारी कंपनी टूलसाठी हात आखडता का घेते?

ऑगस्ट 2021 मध्ये ‘डॉकर डेस्कटॉप’ हे प्रोग्रामरांच्या रोजच्या वापरातले सॉफ्टवेअर मोठ्या कंपन्यांसाठी सशुल्क झाले. 250 पेक्षा जास्त कर्मचारी किंवा वर्षाला 1 कोटी डॉलरपेक्षा जास्त उलाढाल असेल, तर तेव्हा माणशी महिन्याला किमान 5 डॉलर लागत. लगेच अनेक कंपन्या ‘पॉडमन’सारखे फुकटचे पर्याय शोधू लागल्या.

5 डॉलर म्हणजे तेव्हाचे साधारण 370 रुपये. महिना 60 हजार पगार आणि 160 तास काम धरले, तर प्रोग्रामरचा एक तास 375 रुपयांना पडतो. म्हणजे महिन्यात एक तास वाचला तरी पैसे वसूल!

मग अडते कुठे? लायसन्सचे बिल वहीत दिसते, वाया गेलेला तास दिसत नाही. पगार तर द्यायचाच आहे, मग वेळ वाचून हातात काय पडणार, असा हिशेब होतो. शिवाय टूल वापरतो प्रोग्रामर, सही करतो दुसराच. पुणे, बेंगळुरू, हैदराबादेत तासावर बिल लावणाऱ्या आयटी कंपन्यांचे तर काम लवकर संपले की बिलच घटते.

म्हणून ‘टूल चांगलं आहे’ एवढे सांगून भागत नाही. महिनाभर वाचलेले तास लिहून दाखवले, तरच सही होण्याची शक्यता वाढते.