फौजीभाऊंचा कोटा आणि बाकीच्या समजुती

‘फौजीभाऊ, या महिन्याचा कोटा भेटला का?’ जळगाव-धुळ्याकडे निवृत्त जवानाला हा प्रश्न हमखास ऐकावा लागतो. कोटा म्हणजे मिलिटरी कँटीनची दारू. विचारणारा प्रेमानेच विचारतो, वर ‘पैसे देतो ना भो’ असंही म्हणतो. कँटीनचा माल कार्डधारकाने स्वतःसाठी आणि घरच्यांसाठी घ्यायचा असतो, बाहेर विकला तर कार्डावर गदा येऊ शकते, हे त्याच्या गावीही नसतं. फौजीने नाही म्हटलं तर तो माजला, हो म्हटलं तर त्याने नियम मोडला. माजी सैनिकांसाठी आपण काय करू शकतो, असं मनापासून विचारणाऱ्यांनी सुरुवात इथून करावी आणि कोटा मागणं सोडावं.

गैरसमज : सैनिकी परंपरा सातारा-कोल्हापूरकडची. आपल्याकडे फौजी असून असून किती असणार?

1825 मध्ये जेम्स आउट्रम या इंग्रज अधिकाऱ्याने खानदेशात भिल्ल पलटण उभी केली, तिचा तळ धरणगावला होता. भिल्लांचाच बंदोबस्त करायला भिल्लांची पलटण, हा त्यातला इंग्रजी कावा वेगळा सांगायला नको. पण वर्दी आणि सरकारी पगार या मुलखाला तेव्हापासून माहीत आहे. आज चाळीसगाव, पारोळा, शिंदखेडा, साक्री यांपैकी कुठल्याही रस्त्यावर पहाटे गाडी काढा, भरतीसाठी पळणारी पोरं दिसतील. त्यांना पळवणारा शिट्टीवाला बहुतेकदा कुणी निवृत्त हवालदारच असतो. 26 नोव्हेंबर 2020 रोजी श्रीनगरजवळ मारला गेलेला जवान यश देशमुख हा चाळीसगाव तालुक्यातल्या पिंपळगावचा, अवघा एकवीस वर्षांचा. अशा वेळी आख्खा तालुका रस्त्यावर येतो. जिवंत परतलेल्या फौजीच्या वाट्याला मात्र स्टेशनपासून घरापर्यंतची मिरवणूक येते, डीजे येतो, आणि दुसऱ्या दिवसापासून तो एकटाच कागदांची पिशवी घेऊन फिरतो.

गैरसमज : माजी सैनिक म्हणजे पांढऱ्या मिशांचे आजोबा.

एकोणिसाव्या वर्षी भरती झालेला शिपाई, बढती मिळाली नाही तर, साधारण एकोणीस वर्षांच्या नोकरीनंतर घरी येतो. म्हणजे वय अडतीस-एकोणचाळीस. नायक, हवालदार आणखी काही वर्षं राहतात. पोरं शाळेत, आईवडील थकलेले, घराचं कर्ज डोक्यावर आणि नोकरी संपलेली. त्याच्या वयाचा शिक्षक किंवा तलाठी अजून वीस वर्षं पगार घेणार असतो.

अशा माणसाला आपण काय देऊ करतो? ‘आमच्या गोडाऊनला वॉचमन पाहिजे होता.’ वॉचमनकी वाईट नाही. पण फौजेत तो टँकचं इंजिन खोलत होता, की वायरलेस सांभाळत होता, की नर्सिंग असिस्टंट होता, की हजारो वस्तूंच्या स्टोअरचा हिशेब ठेवत होता, हे विचारायचं कुणाला सुचत नाही. जळगाव एमआयडीसीतल्या डाळमिलवाल्यांना आणि पाइपवाल्यांना, धुळ्याच्या अवधान एमआयडीसीतल्या कारखानदारांना नेमकी हीच माणसं हवी असतात, आणि ती सापडत नाहीत म्हणून ते कुरकुरतही असतात. दहावी झालेला आणि पंधरा वर्षं नोकरी केलेला माजी सैनिक केंद्राच्या गट ‘क’ पदांसाठी पदवीधराच्या बरोबरीचा धरला जातो. राज्य सरकारच्या वर्ग तीन आणि चारच्या पदांत माजी सैनिकांना 15 टक्के समांतर आरक्षण आहे. स्पर्धा परीक्षेची अभ्यासिका चालवणाऱ्याने अशा एखाद्या फौजीला संध्याकाळी एक खुर्ची दिली, तर ती हारापेक्षा जास्त कामाची. बारा-पंधरा वर्षांत गणिताच्या पुस्तकाला त्याचा हात लागलेला नसतो, आणि विशीतल्या पोरांमध्ये जाऊन बसायची त्याला लाज वाटते.

गैरसमज : वर्दी घातली की सगळे फौजी सारखेच.

गावाच्या लेखी ते सारखेच असतात, आणि आदराच्या बाबतीत असावेतही. सरकारी खिडकीवर मात्र फरक पडतो. ‘माजी सैनिक’ म्हणजे भूदल, नौदल किंवा हवाई दलातून नियमानुसार निवृत्त झालेला. सीआरपीएफ, बीएसएफ ही निमलष्करी दलं गृह मंत्रालयाखाली येतात, धुळ्याच्या राज्य राखीव दलाचा गट सहा हे राज्याचं पोलीस दल आहे, आणि वरणगाव-भुसावळच्या आयुध निर्माणीतून निवृत्त झालेले काका हे मुलकी कर्मचारी. निवृत्त सीआरपीएफवाल्याला कुणीतरी ‘सैनिक कार्यालयात जा’ म्हणून सांगतो, त्याचा दिवस आणि भाडं दोन्ही वाया जातं. निमलष्करी दलांसाठी कल्याण आणि पुनर्वसन मंडळ वेगळं आहे, कँटीनच्या जागी पोलीस कल्याण भांडार आहे. योग्य दार दाखवणं हीही मदतच.

गैरसमज : त्यांची कामं मिलिटरीच करून देते.

खरी गाठ इथे आहे. माणूस घरी आला की त्याची पलटण मागे राहते. मराठा लाइट इन्फंट्रीचं अभिलेख कार्यालय बेळगावात, महार रेजिमेंटचं मध्य प्रदेशात सागरला, पेन्शनचा कारभार प्रयागराजला. जवळचं दार म्हणजे जळगावचं किंवा धुळ्याचं जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय. रावेर, चोपडा, शिरपूरच्या टोकाला राहणाऱ्या फौजीच्या सत्तरीतल्या बायकोला तेही जवळ नाही.

त्या बाईचे कागद एकदा नीट बघा. नवऱ्याच्या नोकरीच्या नोंदीत तिचं नाव ‘कमलबाई’, आधारवर ‘कमलाबाई’, बँकेत नुसतं ‘कमल’, आणि जन्मतारीख तिन्हीकडे वेगळी. नवरा असेपर्यंत कुणाचं अडत नाही. तो गेला की कुटुंब निवृत्तिवेतन याच एका कान्यावर थांबतं. नवरा हयात असतानाच सैनिक कार्यालयामार्फत अभिलेख कार्यालयाकडे अर्ज केला तर दुरुस्ती बरीच सोपी जाते. मागाहून तेच काम एका बाईला तीन राज्यांतल्या कार्यालयांशी पत्रव्यवहार करून निस्तरावं लागतं. शेजारच्या शिकलेल्या पोराने एका रविवारी डिस्चार्ज बुक, पेन्शनचा आदेश, आधार आणि बँक पासबुक शेजारी शेजारी ठेवून नावं ताडून पाहावीत. खानदेशात फौजीला देता येईल अशी याहून मोठी भेट मला तरी माहीत नाही.

दुसरं काम हयातीच्या दाखल्याचं. तो दरवर्षी गेला नाही तर पेन्शन थांबते. पेन्शन आता ‘स्पर्श’ या प्रणालीतून येते, आणि दाखला मोबाइलवर चेहरा दाखवूनही देता येतो. खाटेवरून न उठणाऱ्या आबांना बँकेत उचलून न्यायची गरज नाही. फक्त मोबाइल हाताळणारा ओळखीचाच हवा, कारण ‘दाखला करून देतो, ओटीपी सांगा’ म्हणणारे ठगही याच म्हाताऱ्यांना फोन करतात.

घरपट्टीचंही तसंच. राज्याने 2020 साली माजी सैनिक आणि सैनिकांच्या विधवांना एका घराच्या मालमत्ता करातून सूट दिली. सैनिक कार्यालयाचा दाखला जोडून ग्रामपंचायतीत किंवा पालिकेत अर्ज करायचा असतो. आपण सदस्य असाल तर गावातल्या सगळ्या फौजी घरांचे अर्ज एकाच बैठकीत मार्गी लावता येतील. फौजी सीमेवर असताना भाऊबंदाने बांध कोरला असेल, तर तेही त्याला एकट्याने लढायला नको. जुलै 2025 पासून राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाने सैनिक कुटुंबांसाठी ‘वीर परिवार सहायता योजना’ सुरू केली आहे. सल्ला मोफत मिळतो.

गैरसमज : पेन्शन आहे, दवाखाना फुकट आहे, मग मदत कशाला?

पेन्शन सगळ्यांना नसते. नोकरीची पात्र वर्षं भरण्याआधीच बाहेर पडलेले, जुन्या काळी थोडी वर्षं काढून परतलेले, त्यांच्या विधवा, असे कितीतरी लोक पेन्शनविना आहेत. पासष्टी ओलांडलेल्या अशा गरजूंना केंद्रीय सैनिक मंडळ दरमहा अनुदान देतं. नोव्हेंबर 2025 पासून ते 4,000 वरून 8,000 रुपये झालं. हवालदारापर्यंतच्या हुद्द्यावाल्यांच्या मुलीच्या लग्नासाठी 50,000 ऐवजी 1,00,000 रुपये मिळतात. हा पैसा येतो सशस्त्र सेना ध्वजदिन निधीतून. 7 डिसेंबरचा ध्वजदिन 1949 पासून पाळला जातो, पण आपल्याकडे तो सरकारी कर्मचाऱ्यांच्या वर्गणीचाच मामला मानला जातो. तसं काही नाही. कुणीही जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात देणगी देऊन पावती घेऊ शकतो, केंद्रीय निधीला दिली तर प्राप्तिकरात सवलतही मिळते. निनावी पेटीत नोट टाकण्यापेक्षा हे बरं.

दवाखान्याची योजना ‘ईसीएचएस’ 2003 पासून आहे, पण एरवी आधी पॉलिक्लिनिक, मग तिथून चिठ्ठी, मग पॅनेलवरचं रुग्णालय असा रस्ता आहे. छातीत कळ आली तर मात्र जवळचं कुठलंही रुग्णालय चालतं, फक्त 48 तासांच्या आत पॉलिक्लिनिकला कळवायचं असतं. धावपळीत हा फोन राहून जातो आणि बिल घरावर येतं. शेजाऱ्याने तेवढा फोन करावा. आणि फौजी रात्र रात्र जागत असेल, बारीकसारीक गोष्टीवर भडकत असेल, तर ‘मिलिटरीचं डोकं’ म्हणून हसण्यावारी नेऊ नये. टेलिमानसचा 14416 हा क्रमांक मोफत आहे, तिथे मराठीत बोलता येतं.

आणि अग्निवीर?

इथे तर गैरसमजच गैरसमज. चार वर्षांसाठीच भरती करणाऱ्या 2022 च्या योजनेतली पहिली तुकडी 2022 अखेर ते जानेवारी 2023 या काळात प्रशिक्षणाला लागली. तिची चार वर्षं 2026 अखेर ते 2027 च्या सुरुवातीला भरतात. त्यांतले जास्तीत जास्त 25 टक्के सैन्यात राहतील, बाकीचे बाविशी-पंचविशीत घरी येतील. त्यांना पेन्शन नाही, ईसीएचएस नाही, कँटीन नाही, माजी सैनिकाचा दर्जाही नाही. हातात सुमारे 11.71 लाखांचा सेवानिधी. जुन्या फौजींची निवृत्तीची रक्कम जमा झाली की प्लॉटवाले, विमा एजंट आणि ‘दुप्पट करून देतो’वाले ओट्यावर येऊन बसतात, हे पारोळ्यापासून साक्रीपर्यंत सगळ्यांनी पाहिलेलं आहे. या पोरांकडेही ते जाणारच. त्यांच्याआधी बँकेतला ओळखीचा माणूस, कॉलेजातले सर, एमआयडीसीतला एखादा मालक त्या घरी पोहोचला पाहिजे. सर्वांत आधी विचारायचं ते शिक्षणाचं. दहावीवर गेलेल्याला मुक्त विद्यालयातून बारावीची आणि इग्नूतून पदवीची सोय सरकारने ठेवलेली आहे, ती त्याने नोकरीत असताना घेतली की राहून गेली?