हिरव्या फुलांची हिरणदोडी

फूल म्हटले की रंग आणि गंध यांचेच स्मरण आपल्याला होते. पण पानांच्या गर्दीत मिसळून जाणारी हिरवी फुलेही सृष्टीत आहेत. हिरणदोडी ही अशाच फुलांची वेल. तिला अंबरी असेही म्हणतात. भारताच्या बहुतेक उष्ण प्रदेशांत, जुन्या कुंपणांवर व रानाच्या कडेला ती आढळते. तेव्हा आपण अशा प्रदेशात राहत असलात, तर तिची भेट होण्याचा संभव आहे.

ही वेल बळकट असून तिचे जून खोड काष्ठमय होते. आधाराला वेढे घालीत ती उंच झाडांच्या शेंड्यापर्यंत पोहोचते. पाने समोरासमोर, रुंद, टोकाशी निमुळती आणि देठाजवळ बहुधा हृदयाकृती असतात. पानांच्या बगलेतून फुलांचे झुबके लोंबतात. झुबक्यातील सर्व फुलांचे देठ छत्रीच्या काड्यांप्रमाणे जवळजवळ एकाच ठिकाणाहून निघालेले दिसतील. फूल सुमारे एक सेंटिमीटर रुंद, पाच पाकळ्यांचे व पिवळसर हिरवे असते. त्याच्या मध्यभागी मांसल अशी पाच दलांची चांदणी असते. तिला ‘किरीट’ म्हणतात.

या किरीटाच्या आत निसर्गाने एक चतुर योजना करून ठेवली आहे. इतर फुलांप्रमाणे येथे परागांची धूळ उडत नाही. पराग मेणचट पुंजांत घट्ट बांधलेले असतात आणि दोन दोन पुंज एका चिमुकल्या चिमट्याला जोडलेले असतात. मधासाठी आलेल्या कीटकाच्या अंगाला तो चिमटा अडकतो आणि पुंजांची जोडी दुसऱ्या फुलाकडे जाते. पुढे बहुधा जोडीने जाड फळे धरतात. ती वाळून उकलली की रेशमी केसांचा झुपका असलेली चपटी बीजे वाऱ्यावर तरंगू लागतात. रुईच्या ‘म्हाताऱ्या’ पकडण्यात ज्यांचे बालपण गेले, त्यांना या वेलीचे नाते सांगावयास नकोच! रुई आणि हिरणदोडी एकाच कुळातील. पूर्वी हे रुई कुल स्वतंत्र मानीत. हल्ली त्याचा समावेश कण्हेरीच्या मोठ्या कुळात करतात.

हिरणदोडीच्या नामकरणाचा इतिहास मोठा मनोरंजक आहे. कोचीन येथील डच अधिकारी हेंड्रिक व्हान ऱ्हीड याने मलबारच्या वनस्पतींवर ‘होर्तुस मलबारिकुस’ हा बारा खंडांचा ग्रंथ सिद्ध केला. तो १६७८ ते १६९३ या काळात ॲम्स्टरडॅम येथे छापला गेला. या कामी मलबारचे वैद्य इट्टी अच्युतन यांनी, तसेच रंग भट, विनायक पंडित व अप्पू भट या कोंकणी वैद्यांनी साहाय्य केले. या तिघांचे कोंकणीतील निवेदन पहिल्या खंडात नागरी लिपीतच छापलेले आहे. ग्रंथात या वेलीचे मलबारी नाव ‘वट्टकाक कोडी’ असे आले. ‘कोडी’ म्हणजे वेल. पुढे धाकट्या लिनीयसने १७८२ मध्ये तिला ‘ॲस्क्लेपियस व्होल्युबिलिस’ म्हटले. ‘व्होल्युबिलिस’ म्हणजे वेढे घेणारी. हूकरने १८८३ मध्ये तिला ‘ड्रेजिया’ या प्रजातीत घातले, तर हास्कार्लने १८५७ मध्ये मलबारी नावावरून स्थापिलेल्या ‘वट्टकाका’ प्रजातीत स्टाफने १९२२ मध्ये तिची गणना केली. अलीकडे तिला ‘स्टेफॅनोटिस’ प्रजातीत घालण्यात आले आहे. प्रजाती बदलत गेली, पण ‘व्होल्युबिलिस’ हे जातिनाम कायम राहिले. त्यामुळे जुन्या व नव्या ग्रंथांतील वेल एकच, हे अभ्यासकास ओळखता येते.

ही सारी खटपट कशासाठी, असे आपण विचाराल. याचे उत्तर आपल्या औषधांच्या बटव्यात आहे. हिंदीत हिरणदोडीस ‘नकछिकनी’ म्हणतात. पण जमिनीलगत पसरणाऱ्या, शिंका आणणाऱ्या एका लहानशा वनस्पतीचेही तेच नाव आहे. ‘जीवंती’ म्हणून पश्चिम भारतात खीरदोडी घेतात, तर केरळात अडपतियन नावाची वेगळीच वेल वापरतात. ‘दोडी’ हा शब्दही एकाहून अधिक वेलींना लागतो. या कुळातील कित्येक वनस्पतींचा चीक विषारी असतो. म्हणून केवळ नाव ऐकून कोणतीही वेल भाजीत वा काढ्यात घालणे धोक्याचे आहे. पान, फूल व फळ पाहून जाणकाराकडून ओळख पटवून घ्यावी, हेच शहाणपण.

आणखी एक विनंती. निळसर ठिपक्यांच्या ‘ब्लू टायगर’ फुलपाखराच्या अळ्या याच वेलीची पाने खाऊन वाढतात. तेव्हा कुंपण साफ करताना ही वेल दिसली तर कोयता क्षणभर थांबवा आणि मुलांना पानाची खालची बाजू दाखवा. तेथे एखादी अळी आढळली, तर वेल तशीच राहू द्या.