गांजा : बंदी की परवाना ?

मागच्या सत्रात आमच्या वर्गात वादविवाद झाला. विषय होता, 'गांजा कायदेशीर करावा'. माझ्या चिठ्ठीत अनुकूल बाजू निघाली. आईला मी 'कायद्याविषयी बोलायचे आहे' एवढेच सांगितले!

ग्रंथालयात बसलो तेव्हा पहिला धक्का इतिहासाने दिला. ही बंदी पुरातन असावी अशी माझी समजूत होती. प्रत्यक्षात इंग्रजी अमलात गांजा सरकारी देखरेखीखाली पिके, मध्यप्रांतात खांडव्याच्या बाजूला आणि बंगालमध्ये नौगावला, व परवान्याच्या दुकानांत विकला जाई. १८९३ साली विलायतेत ओरड झाली म्हणून सरकारने चौकशी आयोग नेमला. आयोगाने हजाराहून अधिक साक्षी घेतल्या. वेड्यांच्या इस्पितळांतील नोंदीही तपासल्या. त्यांत 'कारण : गांजा' असे सर्रास लिहिलेले असे, पण ते बहुधा रोग्याबरोबर आलेल्या पोलिसांच्या कागदांवरून, फारशी शहानिशा न करता उतरविलेले निघाले. बेताच्या सेवनाने फारसा अपाय नाही, अतिरेकाने होतो. तेव्हा बंदी नको, कर आणि परवाने ठेवावेत, असा निष्कर्ष निघाला. सरकारला महसूल हवाच होता हे विसरून चालणार नाही. तरीही तो अहवाल आजच्या पुष्कळ भाषणांपेक्षा प्रामाणिक वाटतो.

पुढे १९६१ च्या आंतरराष्ट्रीय कराराने गांजाला अफूच्या पंक्तीत बसविले. भारताने पंचवीस वर्षांची सवलत घेतली आणि १९८५ मध्ये सध्याचा कायदा केला. त्यात गांजा म्हणजे झाडाचे फुलोऱ्याचे शेंडे. नुसती पाने त्या व्याख्येत येत नाहीत. म्हणून भांगेचा प्रश्न राज्यांकडे राहिला, आणि आपल्याकडे तिच्यावर दारूबंदी कायद्याचे नियंत्रण आहे. एकाच झाडाला दोन न्याय! एक किलोपर्यंतचा गांजा 'अल्प प्रमाण' गणला जातो. त्याला एक वर्षापर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही. वीस किलोंपुढे किमान दहा वर्षे.

उरुग्वेने २०१३ साली, कॅनडाने २०१८ साली बंदी उठविली, हेही मी ठासून सांगितले. टाळ्या मिळाल्या.

मग प्रतिकूल बाजूचा मित्र उठला. त्याने टिपणे काढलीच नाहीत. "माझा भाऊ सोळाव्या वर्षी ओढू लागला. आता त्याला कुणी नसताना आवाज ऐकू येतात," एवढे बोलून तो खाली बसला. कोवळ्या वयातील नित्य सेवन आणि मनोविकार यांचा संबंध आधुनिक संशोधनात वारंवार दिसून आला आहे. मी तो वाचला होता. भाषणातून मात्र गाळला होता.

आज मला विचाराल तर पुडीसाठी तुरुंग नको. पण कोपऱ्यावर दुकानही नको, निदान कॉलेजच्या कोपऱ्यावर तरी. हे मत स्पर्धेत कुठल्याच बाजूला बसले नसते.

आठवड्याने तोच मित्र कागद घेऊन माझ्याकडे आला. भावाला पुडीसकट पकडले होते. "तू कायदा वाचला आहेस ना ?" आम्ही वजन पाहिले, ते अल्प प्रमाणात बसत होते. व्यसनी माणूस स्वतःहून मान्यताप्राप्त ठिकाणी उपचार घेऊ लागला तर अशा प्रकरणात त्याला खटल्यापासून संरक्षण मागता येते, हे कलम ६४-अ मी त्याला दाखविले. त्याने ते वहीत उतरवून घेतले आणि वकिलाकडे गेला.