मोटर सुरू आहे, पण पाणी?

वरूड-मोर्शीचा संत्रापट्टा असो की अकोट-तेल्हारा, हिवाळ्यातल्या रात्री ‘लाइन आली’ एवढं कानावर पडलं की माणसं पांघरुणातून उठतात. शेतीपंपाची वीज पाळीने येते, कधी दिवसा तर कधी रात्री. हरभऱ्याला पाणी द्यायचं तर बॅटरी, काठी आणि रानडुकरांची धास्ती घेऊन विहिरीवर जायचं, हिरवं बटण दाबायचं. ही पायपीट वाचवायला जे यंत्र आलं, ते मोबाइल स्टार्टर.

त्याआधी ऑटोस्विच होता, अजूनही आहे. लाइन आली की तो आपसूक मोटर लावतो. पण एका डीपीवरचे, म्हणजे रोहित्रावरचे, सगळे ऑटो एकाच क्षणी जागे होतात, आणि सुरू होताना मोटर नेहमीच्या पाच-सहा पट करंट ओढते. डीपी जळते, मग कोणालाच पाणी नाही. ऑटोस्विच काढा, कपॅसिटर बसवा, असं महावितरण उगीच सांगत नाही.

मोबाइल स्टार्टरचा घरगुती अवतार साधा होता. जुन्या फोनमधली थरथरणारी इवलीशी मोटर काढायची, तिच्या तारा ट्रान्झिस्टरला, तिथून रिलेला, म्हणजे विजेवर चालणाऱ्या स्विचला. रिंग आली की रिले ओढला जाणार. कॉलरट्यून विकणाऱ्यांनी फोन केला तरी पंप सुरू, हा त्यातला विनोद. पुढची पायरी एमटी-8870 या चिपची. फोनचं प्रत्येक बटण दोन सुरांचं. 1 दाबलं की 697 आणि 1209 हर्ट्झ एकदम वाजतात. चिप ते सूर ओळखते, मग एका आकड्याला चालू, दुसऱ्याला बंद. पुण्याचे संतोष ओस्तवाल यांनी फोनवरून पंप चालवणारं ‘नॅनो गणेश’ बाजारात आणलं आणि 2009 मध्ये नोकियाच्या जागतिक स्पर्धेत बक्षीस मिळवलं.

आता आर्डुइनो आणि जीएसएम मॉड्यूल जोडून कॉलेजची पोरंही असा स्टार्टर बनवतात. नवखा दोन ठिकाणी हमखास अडकतो. टॉवर शोधताना मॉड्यूल क्षणभर दोन अँपिअरपर्यंत खेचतं. पुरवठा अशक्त असला की ते पुन्हापुन्हा रिसेट होतं, आणि दोष बिचाऱ्या प्रोग्रामला. दुसरं, स्वस्त मॉड्यूल टूजीचं. त्यात जिओचं सिम चालत नाही, कारण जिओकडे टूजी नाहीच. शिवाय अकोल्याचा मे महिना. बाहेर 45 अंश असताना पत्र्याच्या पेटीत मॉड्यूलला वीज देणारी लिथियम बॅटरी फुगली नाही तरच नवल.

पण माझ्या मते मोटर लावणं हा यातला सोपा भाग. खरं काम बातमी परत आणण्याचं. रिले ओढला गेला म्हणजे पाणी आलं असं नव्हे. ते कळावं म्हणून मोटरच्या एका तारेभोवती करंट मोजणारी छोटी सीटी कॉइल अडकवतात. आकडा शून्य, तर मोटर लागलीच नाही. नेहमीचा, तर पाणी येतंय. नेहमीपेक्षा कमी, तर बोअर आटला आणि मोटर कोरडी फिरतेय. वरूडकडच्या खोल बोअरमध्ये हे वेळेत कळलं नाही तर मोटर उपसून काढायचा खर्च वेगळाच. एकाएकी चढला, तर बहुधा एक फेज गेला. चार ओळींचा मेसेज, पण झोप त्याच्यावर ठरते.

तरीही कधी मेसेज येतो: लाइन आहे, अँपिअर शून्य. दोनदा-तीनदा पुन्हा लावून पाहायचं, मग निमूट बॅटरी-काठी घ्यायची. पेटी उघडावी तर मोटरला वीज जोडणाऱ्या कॉन्टॅक्टरच्या फटीत पाल अडकलेली.