चुकलेल्या किलोमीटरची वसुली

पूर्वी पहाटे रस्त्यावर पळताना दिसायची ती मुख्यतः पोलीस किंवा सैन्यभरतीची तयारी करणारी मुले. आता त्यांच्या जोडीने शिक्षक, वकील, बँकेतील अधिकारी, दुकानदार आणि औद्योगिक वसाहतीतले सुपरवायझरही पळताना दिसतात. साताऱ्यात २०१२ साली हिल हाफ मॅरेथॉन सुरू झाली. शहरातून निघून यवतेश्वरचा घाट चढायचा, कासच्या रस्त्याने जाऊन पुन्हा खाली यायचे, असे हे २१ किलोमीटर. या शर्यतीने अनेक चाळिशी-पन्नाशीच्या मंडळींना बूट बांधायला लावले. रक्तदाब आणि मधुमेहाच्या गोळ्या लिहून लिहून हात दुखणाऱ्या माझ्यासारख्या डॉक्टरला याचा आनंदच वाटतो.

मात्र पावसाळा निम्मा सरला की दवाखान्यात लंगडणाऱ्यांची संख्या वाढते. कुणाची टाच, कुणाचा गुडघा, कुणाची नडगी. प्रश्न सगळ्यांचा एकच असतो, "डॉक्टर, शर्यतीपर्यंत बरं होईल ना?" आजचा लेख या मंडळींसाठी, म्हणजे दिवसभराची नोकरी सांभाळून हौसेने पळणाऱ्यांसाठी आहे.

आपल्या माण तालुक्यातील मोहीच्या ललिता बाबर यांनी २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये ३,००० मीटर स्टीपलचेसची अंतिम फेरी गाठली आणि दहावा क्रमांक मिळवला. त्या पातळीच्या खेळाडूचा सारा दिवस धावण्याभोवती बांधलेला असतो. विश्रांती आणि आहार हेही तिथे सरावाचेच भाग. हौशी धावपटू सरावाचे वेळापत्रक तेवढे घेतो, विश्रांतीचे घेत नाही. ती घ्यायला त्याच्याकडे वेळच नसतो.

रविवारची थकबाकी

गेल्या काही वर्षांतील एक रुग्ण उदाहरणादाखल सांगतो. वय ४६, एका बँकेत शाखाधिकारी. वडिलांना ५४ व्या वर्षी हृदयविकाराचा झटका आलेला. स्वतःची साखर मधुमेहाच्या उंबरठ्यावर. त्यांनी पळायला सुरुवात केली, दोन वर्षांत अकरा किलो वजन उतरवले आणि साखर पूर्वपदावर आणली. हे यश लहान नव्हे.

हाफ मॅरेथॉनसाठी त्यांनी आठवड्याला ४० किलोमीटरचे वेळापत्रक आखले होते. परंतु कर्जवसुली, लेखापरीक्षण, वरिष्ठांच्या बैठका यांमुळे रात्री घरी यायला नऊ-साडेनऊ वाजत. पहाटे उठणे जमेना. आठवड्यातले दोन-तीन दिवस बुडत, आणि बुडालेले किलोमीटर ते रविवारी भरून काढत. कधी १४, कधी १८, एकदा तर थेट २२ किलोमीटर, तेही घाटातून. आदल्या रात्रीची झोप जेमतेम पाच तास.

जुलैत उजव्या नडगीत कळ सुरू झाली. ऑगस्टमध्ये ते पत्नीसह माझ्याकडे आले. बाई म्हणाल्या, "ह्यांना तुम्हीच सांगा. सोमवार ते शनिवार बँकेचे, रविवारी रस्त्याचे. आणि आता जिनासुद्धा धरून चढतात." साहेबांचे म्हणणे वेगळे होते. "डॉक्टर, काहीही सांगा, फक्त पळणं बंद करा म्हणू नका. वडिलांचं काय झालं ते मी पाहिलंय."

नडगीच्या हाडावर एका ठिकाणी बोट ठेवताच ते कळवळले. त्या पायावर उडी मारता येईना. एक्स-रे स्वच्छ होता. पण अशा दुखापतीत पहिले दोन-तीन आठवडे एक्स-रेत काही दिसत नाही, म्हणून अस्थिरोगतज्ज्ञांकडे पाठवले. एमआरआयमध्ये निदान झाले, ताणाने हाडाला पडू लागलेली बारीक चीर. त्यांची सप्टेंबरची शर्यत गेली.

मी त्यांना त्यांच्याच भाषेत सांगितले, "साहेब, चुकलेला किलोमीटर म्हणजे थकीत हप्ता नव्हे. तो वसूल करायचा नसतो, माफ करायचा असतो."

दमसास आधी, हाड मागाहून

पळायला लागल्यावर काही आठवड्यांतच दम पुरू लागतो. हृदय आणि फुप्फुसे लवकर तयार होतात. स्नायूंना हाडाशी बांधणाऱ्या दोऱ्या आणि खुद्द हाडे यांना मात्र महिने लागतात. पळताना मिनिटाला साधारण १६० ते १८० पावले पडतात, म्हणजे तासाला जवळजवळ दहा हजार, आणि प्रत्येक पावलाला शरीराच्या वजनाच्या दोन-तीन पट भार पायावर येतो. हाड हा भार ओळखते आणि स्वतःची डागडुजी सुरू करते. आधी जुना, थकलेला भाग पोखरून काढला जातो आणि मग तिथे नवा भरला जातो. पोखरणे काही आठवड्यांत होते, भरायला काही महिने लागतात. मधल्या काळात हाड तात्पुरते कमजोर असते. दम भरपूर आहे म्हणून आपण नेमके तेव्हाच अंतर वाढवतो.

आठवड्याचे अंतर १० टक्क्यांहून जास्त वाढवू नये, असा जुना दंडक आहे. तो फारसा सिद्ध झालेला नाही. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या एका डच अभ्यासात, या दंडकाप्रमाणे हळूहळू अंतर वाढवणाऱ्या नवशिक्यांच्या आणि नेहमीच्या पद्धतीने सराव करणाऱ्यांच्या दुखापतींत फरक दिसला नाही. २०२५ मधील पाच हजारांहून अधिक धावपटूंच्या अभ्यासाने मात्र वेगळ्या गोष्टीकडे बोट दाखवले. गेल्या ३० दिवसांतील आपल्या सर्वांत लांब धावेपेक्षा एकाच दिवशी १० टक्क्यांहून अधिक पळणाऱ्यांना दुखापती जास्त झाल्या. आठवड्याच्या बेरजेपेक्षा एका दिवसाची उडी घातक ठरते. आपल्या नोकरदारांचा रविवार असाच असतो.

दुसरी गोष्ट झोपेची. दिवसभराच्या झिजेची दुरुस्ती मुख्यतः गाढ झोपेत होते. कामाचा ताण, अपुरी झोप आणि धावण्याचा ताण या तिन्ही रकमा शरीर एकाच खात्यातून वजा करते. बँकेत दमलो म्हणून पायाला सवलत मिळत नाही.

दुखणे कुठे आहे?

सगळी दुखणी सारखी नसतात. सकाळी अंथरुणातून उठल्यावर पहिल्या काही पावलांना टाच दुखत असेल, तर बहुधा तळपायाचा पट्टा सुजलेला असतो. जिना उतरताना किंवा बराच वेळ बसून उठताना गुडघ्याच्या वाटीभोवती दुखत असेल, तर मांडीचे आणि कमरेचे स्नायू कमजोर असण्याची शक्यता असते. गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूची कळ घाट उतरताना जास्त येते. नडगीच्या आतल्या कडेला वीतभर पसरलेले दुखणे सराव कमी केल्यावर बहुतेक वेळा थांबते. यांपैकी बहुतेक तक्रारी सराव निम्म्यावर आणून आणि योग्य व्यायाम करून बऱ्या होतात. पूर्ण अंथरूण धरण्याची गरज नसते.

पण हाडावर एकाच जागी बोट ठेवून दाखवता येते असे दुखणे, रात्री झोपेतही ठणकणे आणि लंगडल्याशिवाय चालता न येणे, या तीन गोष्टींना घरगुती उपाय नाही. त्याच दिवशी पळणे थांबवून डॉक्टर गाठावा. चीर वेळेवर ओळखली तर सहा-आठ आठवड्यांची विश्रांती सहसा पुरते. तशीच रेटली तर पूर्ण फ्रॅक्चर होऊ शकते.

गोळी खाऊन पळू नका

शाखाधिकारी दर रविवारी पळण्याआधी वेदनाशामक गोळी घेत होते. मेडिकलमधून, चिठ्ठीशिवाय. ही सवय आता बरीच पसरली आहे. एक तर गोळीमुळे शरीराची धोक्याची घंटा बंद होते आणि दुखापत वाढते. दुसरे म्हणजे, घामाने शरीरातले पाणी कमी झालेले असताना या गोळ्या मूत्रपिंडाचा रक्तपुरवठा आणखी कमी करतात. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ५० मैल पळणाऱ्यांपैकी काहींना आयब्युप्रोफेन आणि काहींना बिनऔषधी गोळी दिली होती. मूत्रपिंडावर ताण आल्याची लक्षणे आयब्युप्रोफेन घेणाऱ्या ५२ टक्क्यांत, तर इतरांपैकी ३४ टक्क्यांत आढळली. अंतर फार मोठे होते हे खरे, पण धडा सर्वांनाच लागू आहे. रक्तदाब किंवा मधुमेह असणाऱ्यांनी तर हा खेळ करूच नये. गोळीशिवाय पळता येत नसेल, तर त्या दिवशी पळायचे नाही.

वेळापत्रक कामाला जुळवा

शाखाधिकाऱ्यांनी सात आठवडे पळणे बंद ठेवले. दुखत नाही असे पाहून पोहणे आणि सायकल चालू ठेवली, त्यामुळे साखर आटोक्यात राहिली. 'ड' जीवनसत्त्व बरेच कमी निघाले, त्यावर उपचार केले. अर्धा तास भरभर चालताना दुखेनासे झाल्यावर एक मिनिट पळणे, दोन मिनिटे चालणे अशी सुरुवात केली. नवे वेळापत्रक आम्ही बँकेचे कॅलेंडर समोर ठेवून आखले. त्यातले काही मुद्दे इतरांनाही उपयोगी पडतील.

आठवड्यात चारच दिवस पळायचे. तीन दिवस अर्धा तास, रविवारी त्याहून लांब. मधला दिवस बुडाला तर बुडाला, रविवारचे अंतर त्यापायी वाढवायचे नाही. महिन्यातली सर्वांत लांब धाव १० किलोमीटरची असेल, तर पुढची फार तर ११ ची.

मार्चअखेर, तपासणी, परीक्षा असे कामाचे महिने आले की शरीर राखण्यापुरतेच पळायचे. त्यात घाबरण्यासारखे काही नाही. अमेरिकेत १९८१ आणि १९८२ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत, आधी दहा आठवडे कसून व्यायाम केलेल्यांचे दिवस सहावरून दोनवर आणले किंवा रोजची ४० मिनिटे १३ वर आणली, तरी शरीराची प्राणवायू वापरण्याची क्षमता १५ आठवडे टिकून राहिली. अट एकच होती, जेवढे करायचे ते जोराने करायचे. फार लांब पल्ल्याचा दम थोडा उतरतो, पण तो पुन्हा मिळवता येतो.

शर्यतही काम पाहून निवडावी. साखर कारखान्यात पाळीवर असलेल्याने ऐन गळिताच्या हंगामात येणाऱ्या जानेवारीच्या मुंबई मॅरेथॉनपेक्षा सप्टेंबरची साताऱ्याची शर्यत निवडलेली बरी. रात्रपाळीहून थेट रस्त्यावर उतरू नये, आधी झोप. ताप असताना आणि तापातून उठल्यावर थकवा जाईपर्यंत पळणे पूर्ण बंद.

आठवड्यातून दोनदा पंधरा मिनिटे स्नायूंसाठी द्यावीत. पायरीच्या कडेवर उभे राहून टाचा वर-खाली करणे, खुर्चीवरून हात न टेकता उठणे-बसणे, एका पायावर तोल सांभाळणे. दिवसभर खुर्चीत बसणाऱ्यांना याची गरज जास्त असते.

पळणाऱ्या भगिनींसाठी

नोकरी, स्वयंपाक, मुले आणि त्यात सराव, असा चौपदरी भार घेणाऱ्या महिलांना मी आणखी दोन गोष्टी सांगतो. आपल्या राज्यात १५ ते ४९ वयोगटातील निम्म्याहून अधिक महिलांत रक्त कमी असल्याचे २०१९-२१ च्या राष्ट्रीय पाहणीत आढळले होते. धाप लागत असेल तर आधी हिमोग्लोबिन तपासा, सराव वाढवू नका. आणि सराव वाढवून जेवण कमी केल्यावर पाळी लांबू लागली किंवा थांबली, तर ते तंदुरुस्तीचे लक्षण समजू नका. शरीराला अन्न पुरत नाही आणि हाडे ठिसूळ होऊ लागली आहेत, अशी ती सूचना असू शकते.

नाव नोंदवण्यापूर्वी

शर्यतीत कुणी कोसळल्याची बातमी आली की घरचे धास्तावतात. अमेरिकेतील २००० ते २०१० या काळातील सुमारे एक कोटी नऊ लाख धावकांच्या नोंदींत हृदय बंद पडण्याच्या ५९ घटना होत्या. धोका फार थोडा, पण आहे. चाळिशी ओलांडलेल्यांनी, विशेषतः घराण्यात हृदयविकार, स्वतःला रक्तदाब, मधुमेह किंवा तंबाखूची सवय असलेल्यांनी, आधी डॉक्टरांकडून तपासणी करून घ्यावी. पळताना छातीत दाब, डोळ्यांपुढे अंधारी किंवा नेहमीपेक्षा निराळी धाप जाणवली, तर तिथेच थांबून मदत मागावी. पदक पुढच्या वर्षीही मिळते.

शाखाधिकाऱ्यांनी पुढच्या वर्षी साताऱ्याची शर्यत पूर्ण केली. मनात धरलेल्या वेळेपेक्षा वीस मिनिटे जास्त लागली. साखर आजही ठीक आहे आणि वेदनाशामक गोळ्या घरात नाहीत. त्यांना वडिलांचे दुखणे टाळायचे आहे, आणि त्यासाठी एखादा सप्टेंबर नव्हे, पुढची वीस वर्षे पळता आले पाहिजे.

म्हणून रविवारी पहाटे बूट बांधण्यापूर्वी स्वतःला तीन प्रश्न विचारा. काल रात्री सहा-सात तास झोप झाली का? कुठे एका जागी दुखते आहे का? आज पळणार आहे ते आजच्यापुरते, की आठवड्याची थकबाकी भरण्यासाठी? तिन्हींची उत्तरे बरोबर आली तर खुशाल निघा. एखादे चुकले, तर अर्धा तास चालून या आणि घरच्यांबरोबर चहा घ्या.