आधी सेल, मग वॉकी-टॉकी

मे २०२५ च्या पहिल्या दहा दिवसांत दोन बातम्या एकापाठोपाठ आल्या. ३ तारखेच्या पहाटे गोव्यातल्या शिरगावच्या लईराई देवीच्या जत्रेत चेंगराचेंगरी होऊन भाविकांचे जीव गेले. त्यानंतर आठवडाभरात केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने वॉकी-टॉकींच्या बेकायदा ऑनलाइन विक्रीबद्दल तेरा कंपन्यांना नोटिसा बजावल्या आणि महिनाअखेरीस त्या विक्रीसाठी नियमावलीही काढली. या दोन घटनांचा एकमेकींशी संबंध नाही, आणि हातात सेट असते तर शिरगावची दुर्घटना टळली असती असे म्हणणे मृतांवर अन्याय करणारे ठरेल. तरीही दोन्ही बातम्या शेजारी ठेवल्या की एक प्रश्न उरतो: जत्रा समित्यांनी, पंचायतींनी, पुरात धावणाऱ्या गावच्या मंडळांनी स्वतःचे सेट घ्यावेत का? घ्यावेत, असे माझे ठाम मत आहे. मात्र खरेदीच्या चर्चेत ‘किती किलोमीटर लागतो?’ हा प्रश्न पहिला येतो आणि ‘चार्ज कसा करायचा?’ हा येतच नाही. पेडणे-डिचोलीसारख्या भागात हा क्रम उलटा हवा.

कायद्याची बाजू थोडक्यात अशी. ४४६.० ते ४४६.२ मेगाहर्ट्झ या पट्ट्यातले कमी ताकदीचे सेट २०१८ च्या नियमांनुसार परवान्याविना वापरता येतात. त्या मॉडेलला सरकारी मान्यता, म्हणजे ईटीए, मात्र हवीच. ऑनलाइन झळकणारे बरेच स्वस्त चिनी सेट यात बसत नाहीत. त्यातल्या अनेकांवर १३६ ते १७४ मेगाहर्ट्झमध्ये कुठेही बटन दाबून बोलता येते. विमानांच्या संभाषणाचा पट्टा ११८ ते १३७ पर्यंत आहे आणि पेडण्यात मोप्याच्या सड्यावर विमानतळ चालू आहे, एवढे लक्षात घेतले तरी सरकारच्या नोटिसांना नुसता कागदी जाच म्हणता येणार नाही.

परवानामुक्त सेट अर्ध्या वॅटच्या आसपासचे असतात. ‘एवढ्याशा ताकदीत काय होणार?’ हा आक्षेप त्यावर हमखास येतो. पण या लहरी जवळपास सरळ रेषेत जातात. मध्ये डोंगर आला तर अर्धा वॅट अडतो, तसा पाच वॅटही बहुतेक अडतोच. सखल सपाटीवर दोन माणसे उभी असली तर माडांतून आणि घरांतून आवाज एक-दोन किलोमीटर गेला तरी पुष्कळ. तिसरा कोणी सड्यावर चढला, की खालच्या दोन वाड्यांना एकमेकींचे ऐकू आले नाही तरी त्याला दोघींचे ऐकू येते आणि निरोप त्याच्यामार्फत फिरतो. आपल्याकडे नदीकाठच्या गावांच्या डोक्यावर सडे आहेत, आणि ही उंची फुकट मिळते. बाकी जुळणी सोपी आहे. अँटेना घट्ट बसवल्याशिवाय बोलायचे बटन दाबायचे नाही, नाहीतर सेटचा प्रक्षेपणाचा भाग जळू शकतो. सगळ्या सेटवर चॅनेल एकच हवा आणि त्याबरोबरचा ‘प्रायव्हसी कोड’ही एकच. त्या कोडने संभाषण गुप्त राहत नाही, फक्त इतरांचा आवाज आपल्या सेटवर दबतो. गावकऱ्यांची नावे, दुखण्या-खुपण्याचे तपशील त्यावर बोलू नयेत.

खरी मेख विजेत आहे. खोक्यावर छापलेले बॅटरीचे तास सहसा एका ठरावीक हिशोबावर काढलेले असतात: पाच टक्के वेळ बोलणे, पाच टक्के ऐकणे, नव्वद टक्के शांतता. जत्रेच्या रात्री किंवा वाळवंटीचे पाणी साखळीच्या बाजारपेठेकडे चढत असताना अशी शांतता मिळत नाही. १८०० मिलिअँपिअर-तासांची बॅटरी घ्या. पूर्ण ताकदीने बोलताना सेट सव्वा-दीड अँपिअर ओढत असेल, तर सलग बोलण्याला जेमतेम सव्वा ते दीड तासच मिळतो. चॅनेल शांत असताना सेट मधूनमधून झोपून वीज वाचवतो, पण गजबजलेल्या चॅनेलवर ती सोयही निकामी होते. म्हणून ताकदीचे बटन ‘लो’वर ठेवावे आणि वाक्य मनात जुळवून मगच बोलावे. खरेदी करताना, साधे पेन्सिल सेल चालतात असा सेट मिळाला तर तोच घ्यावा. लिथियम बॅटरी उत्तम खरी, पण ती संपली की चार्जर लागतो आणि चार्जरला वीज. सेल गावच्या दुकानात मिळतो. मे २०२१ मध्ये तौक्ते वादळाने झाडे, खांब आणि तारा आडव्या केल्या आणि काही गावांत वीज यायला कित्येक दिवस लागले, तेव्हा हा फरक सैद्धांतिक राहिला नव्हता.

साठवणुकीतही चूक होते. वर्षभर डॉकमध्ये खोचून ठेवलेली लिथियम बॅटरी हळूहळू क्षमता गमावते. ती अर्धी भरून थंड, कोरड्या जागी ठेवावी. सेल सेटमध्येच विसरले तर पाझरून पितळी पट्ट्यांवर हिरवट-पांढरा थर चढतो, आणि हरमल-केरीच्या खाऱ्या हवेत तो लवकर चढतो.

‘मोबाइल आहे ना,’ असे कोणी म्हणेल. गर्दीत एका मनोऱ्यावर हजारो फोन तुटून पडतात. वादळात मनोऱ्याचीच वीज जाते. वॉकी-टॉकीला मनोरा लागत नाही. ‘पोलिसांकडे वायरलेस आहे’ हेही खरे, पण पोलिसांचा सेट स्वयंसेवकाच्या हातात नसतो. लांबच्या संपर्कासाठी हॅम, म्हणजे परवाना घेऊन चालवायच्या हौशी रेडिओचा मार्ग आहे. २६ डिसेंबर २००४ च्या त्सुनामीत अंदमानचे फोन बंद पडले, तेव्हा हौशी प्रसारणासाठी तिथे आधीच गेलेल्या भारती प्रसाद आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुख्य भूमीशी संपर्क जोडला. त्यांची यंत्रे हातातल्या सेटपेक्षा कितीतरी मोठी होती. पण संकट आले तेव्हा माणसे प्रशिक्षित होती आणि केंद्र चालू होते, हे त्यातले महत्त्वाचे. हॅम परवान्याची प्राथमिक परीक्षा बाराव्या वर्षापासून देता येते आणि तिला मोर्स लागत नाही. विर्नोडा आणि साखळीच्या शासकीय महाविद्यालयांत असा एकेक गट उभा राहिला, तर तालुक्याबाहेर निरोप पोचवायची सोय होईल. गावाच्या आतल्या संपर्कासाठी पंचायतीने दोन-चार परवानामुक्त सेट घ्यावेत, आणि पावसाळ्याआधी ते बाहेर काढून तपासायचे काम ठरावातच एका माणसाच्या नावावर लिहावे; नव्या सेलांचा खर्चही त्याच ठरावात.